अस्तर शाबूत असेल तरच : रक्तवाहिन्या सैल कशा होतात

सशाच्या महाधमनीचे दोन तुकडे घेऊ. दोन्ही एकाच सशाचे, शेजारशेजारचे. दोन्हींना नॉरॲड्रिनालिन देऊन आवळायला लावायचं आणि मग दोन्हींवर ॲसिटिलकोलिन, म्हणजे चेतातंतूंच्या टोकांतून सुटणारं एक रसायन, टाकायचं. पहिला तुकडा अर्ध्याएक मिनिटात सैल पडतो. दुसरा ढिम्म राहतो, आणि मात्रा वाढवली तर उलट आणखी आवळतो. औषध तेच, स्नायू तोच, तापमान तेच. फरक एवढाच, की दुसऱ्या तुकड्याची आतली बाजू आधी हलक्या हाताने घासलेली आहे. घासताना जे निघून गेलं, ते म्हणजे पेशींचा एकच थर. आज बोलायचं आहे ते त्या थराबद्दल.

या थराला एंडोथेलियम म्हणतात. हृदयापासून केशवाहिन्यांपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीला आतून हे अस्तर असतं. फरशीसारख्या चपट्या पेशी, एकमेकींना चिकटून, प्रवाहाच्या दिशेने लांबट झालेल्या. जिथे पेशीचं केंद्रक आहे तिथे थोडा उंचवटा, बाकी ठिकाणी जाडी जेमतेम एखादा मायक्रॉन, केशवाहिन्यांत त्याहूनही कमी. त्याच्या बाहेर धमनीत अपट्टकी, म्हणजे आपल्या इच्छेने न हलणाऱ्या, स्नायूंचे थर असतात. वाहिनी आवळायची की सैल सोडायची हे प्रत्यक्षात करतो तो हा स्नायू. म्हणून कित्येक दशकं सगळ्यांचं लक्ष स्नायूवर आणि त्याच्याकडे येणाऱ्या चेतातंतूंवर होतं. आतला थर म्हणजे रक्त झिरपू नये म्हणून लावलेलं लेपण, एवढीच त्याची किंमत होती.

कोडं मात्र जुनं होतं. जिवंत प्राण्याच्या शिरेत ॲसिटिलकोलिन टोचलं की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब धाडकन उतरतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच माहीत झालं होतं. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९५३ च्या सुमारास सशाच्या महाधमनीची पट्टी कापून तिच्यावर हेच औषध टाकलं तेव्हा ती आवळली. प्राण्याच्या शरीरात सैलावते, काचपात्रात आवळते. पंचवीस वर्षं ही विसंगती तशीच पडून होती. पट्टीच्या प्रयोगांची पद्धत इतकी रुळलेली होती, की त्या पद्धतीवरच संशय घ्यावा असं कुणाला वाटलं नाही.

१९७८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, त्यांच्याच प्रयोगशाळेत, धमनीच्या पट्टीऐवजी कडी वापरली जात होती. पट्टी म्हणजे धमनी मळसूत्राकार कापून उलगडलेली. कडी म्हणजे नळीचा आडवा काप, बांगडीसारखा. ठरलेला क्रम असा होता, की नॉरॲड्रिनालिनने कडी आवळायची, ते धुऊन टाकायचं, मग कार्बाकॉल हे ॲसिटिलकोलिनच्या कुळातलं औषध घालायचं. मधलं धुणं राहून गेलं. आधीच आवळलेल्या कडीवर कार्बाकॉल पडलं आणि आलेख वर जाण्याऐवजी खाली आला. एरवी अशी नोंद 'चूक झाली' म्हणून फाडून टाकली जाते. इथे ती पुन्हा पुन्हा करून पाहिली गेली आणि प्रश्न नेमका विचारला गेला : कडी सैलावते, पट्टी का सैलावत नाही?

उत्तर कापण्याच्या पद्धतीत होतं. पट्टी उलगडताना तिची आतली बाजू कशावर ना कशावर घासली जायची. घासू न देता पट्टी कापली की तीही सैलावू लागली. कडीची आतली बाजू मुद्दाम घासली की तिचं सैलावणं बंद झालं. चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर जिथे प्रतिसाद गेला तिथे अस्तराच्या पेशी गेलेल्या होत्या. कोलॅजिनेज या विकराने (एन्झाइमने) पेशी सोडवून काढल्या तरी परिणाम तोच, म्हणजे घासल्यामुळे स्नायू दुखावला असेल ही शंकाही मिटली.

तरी एक पळवाट उरत होती. अस्तर सैलावण्यासाठी आवश्यक आहे हे कळलं, पण ते काही पदार्थ सोडतं हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी फर्चगॉट आणि जॉन झवाड्स्की यांनी केलेला प्रयोग फार देखणा आहे. धमनीची आडवी पट्टी घेतली, तिचं अस्तर पुसून टाकलं आणि ती ताणमापकाला जोडली. ॲसिटिलकोलिन टाकलं, काही झालं नाही. मग त्याच धमनीची उभी कापलेली, अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी तिच्यावर अशी बसवली की दोघींच्या आतल्या बाजू समोरासमोर याव्यात. आता ॲसिटिलकोलिन टाकल्यावर अस्तर नसलेली पट्टी सैलावली. दुसरी पट्टी उभी का कापली, हेही लक्षात घ्या : तिच्यातला स्नायू आडवा पडतो, त्यामुळे ताणमापकावर तिचा स्वतःचा जोर नोंदला जात नाही. पट्ट्या वेगळ्या केल्या की परिणाम गेला. वरच्या पट्टीचं अस्तर घासून टाकलं तरी गेला. म्हणजे एका पट्टीच्या अस्तरातून काहीतरी निघून मधलं पाणी ओलांडून दुसऱ्या पट्टीच्या स्नायूपर्यंत पोहोचत होतं. हा शोधनिबंध १९८० मध्ये 'नेचर' मध्ये आला. त्या अज्ञात पदार्थाला पुढे ईडीआरएफ म्हणू लागले. अस्तरातून येणारा, सैल करणारा घटक, एवढाच त्याचा अर्थ.

अस्तर असलेल्या आणि अस्तर काढलेल्या कड्यांचा प्रयोग औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही केला जातो आणि नवख्यांपैकी बहुतेकांचा पहिल्यांदा बिघडतो. तो कुठे बिघडतो हे नीट पाहिलं, की अस्तराच्या स्वभावाबद्दल बरंच कळतं. म्हणून थोडं तपशिलात जाऊ.

रॅटची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदराची, छातीतली महाधमनी वापरायची असेल तर ती काढल्याबरोबर थंड, वायू सोडलेल्या क्रेब्ज द्रावणात, म्हणजे रक्तातल्या क्षारांशी मिळत्याजुळत्या पाण्यात, ठेवतात. द्रावणाचं प्रमाण मिलिमोलरमध्ये असं : सोडियम क्लोराइड ११८, पोटॅशियम क्लोराइड ४.७, कॅल्शियम क्लोराइड २.५, मॅग्नेशियम सल्फेट १.२, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२, सोडियम बायकार्बोनेट २५ आणि ग्लुकोज ११. यातलं कॅल्शियम सगळ्यांत शेवटी, वायू सोडून झाल्यावर घालायचं. वायू म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याशिवाय द्रावण अल्कधर्मी राहतं आणि त्यात कॅल्शियम पडलं की पांढरा गढूळपणा येतो. असं गढुळलेलं द्रावण ओतून द्यायचं. ते गाळून वापरलं तर कॅल्शियम किती उरलं याचा पत्ता नसतो, आणि इथे तर सगळा खेळ कॅल्शियमचाच आहे.

धमनीभोवतीची चरबी काढताना चिमटा नेहमी बाहेरच्या आवरणाला धरायचा. एक टोक आत घालून भिंत पकडली की तेवढ्या जागेचं अस्तर गेलं. तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या कड्या एका झटक्यात, धारदार पात्याने कापायच्या. कात्री बोथट असेल तर ती भिंत चेपते. कडीत दोन बारीक तारांचे आकडे घालताना तार घासत न्यायची नाही. मग कडी ३७ अंशांच्या पाण्याने वेढलेल्या पात्रात टांगायची, सुमारे २ ग्रॅमचा ताण द्यायचा आणि तास-दीड तास तशीच ठेवायची. दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलायचं आणि उतरलेला ताण पुन्हा २ ग्रॅमवर आणायचा. या तासात घाई करणाऱ्याचा पुढचा आलेख सरळ येत नाही, कारण पायारेषाच सरकत राहते.

मग फिनाइलएफ्रिन या नॉरॲड्रिनालिनसारख्या औषधाने कडी आवळायची. नेहमीची चूक इथे होते : भरपूर औषध घालून कडी पूर्ण आवळतात. इतक्या जोरात आवळलेल्या स्नायूवर अस्तराची सूचना तोकडी पडते आणि निरोगी कडीसुद्धा आजारी दिसते. जास्तीत जास्त आवळण्याच्या साधारण ७० ते ८० टक्के इतकीच पातळी ठेवायची. दुसरी बाब याहून सूक्ष्म आहे. अस्तर काढलेली कडी त्याच मात्रेला जास्त आवळते, कारण शाबूत अस्तर कुणी न सांगताही थोडा थोडा सैल करणारा पदार्थ सतत सोडत असतं. म्हणून दोन कड्यांची तुलना करायची तर औषधाची मात्रा सारखी ठेवून भागत नाही, आवळण्याची पातळी सारखी असावी लागते. प्रसिद्ध झालेल्या आलेखांतही हे पथ्य पाळलेलं नसतं तेव्हा निष्कर्षाकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहावं.

कडी आवळून स्थिर झाली की ॲसिटिलकोलिन चढत्या मात्रेने घालायचं : १ नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत, प्रत्येक पायरीवर आलेख स्थिर होऊ देत. शाबूत कडी सत्तर-ऐंशी टक्क्यांहून जास्त सैलावते. अस्तर काढलेली दहा टक्केही सैलावली नाही तरच ते नीट काढलं गेलं असं धरायचं. शेवटी दोन्हींवर सोडियम नायट्रोप्रुसाइड. हे औषध स्वतःच नायट्रिक ऑक्साइड देतं, त्याला अस्तर लागत नाही. त्याने दोन्ही कड्या सारख्या सैलावल्या तर स्नायू ठीक आहे आणि दोष अस्तराचा आहे असं म्हणता येतं. ही शेवटची पायरी गाळली तर 'अस्तर बिघडलं' हे विधान करण्याचा हक्कच उरत नाही. नायट्रोप्रुसाइड उजेडात खराब होतं, म्हणून त्याची बाटली चांदीच्या कागदात गुंडाळलेली असते.

आता तो पदार्थ कोणता, याकडे वळू. त्याचे गुण विचित्र होते. तो काही सेकंदांतच नष्ट व्हायचा. हिमोग्लोबिन त्याला गिळून टाकायचं, मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याने त्याचा परिणाम थांबायचा. सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा उपद्रवी अवतार मोडणारं विकर द्रावणात घातलं की तो जास्त वेळ टिकायचा. दुसऱ्या बाजूला फेरिद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं, की नायट्रोग्लिसरिनसारखी औषधं नायट्रिक ऑक्साइड देतात आणि त्यामुळे स्नायूत सायक्लिक जीएमपी हा पेशीच्या आत सूचना पोहोचवणारा रेणू वाढतो. दोन्ही धागे १९८६ मध्ये जुळले : फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी अमेरिकेतल्या रोचेस्टर इथे एकाच परिषदेत, स्वतंत्रपणे, ईडीआरएफ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असं मांडलं. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या वेलकम प्रयोगशाळेत साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने अस्तराच्या पेशींतून बाहेर पडणारं नायट्रिक ऑक्साइड प्रत्यक्ष मोजलं आणि तेवढंच प्रमाण सैलावण्यासाठी पुरेसं आहे हे दाखवलं. पुढच्याच वर्षी ते एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनतं हेही कळलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादांचं नाव त्यात नसणं अनेकांना तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. पारितोषिकाचा नियम तिघांचा आहे, विज्ञानाचा नाही.

गाडीच्या धुरात असणारा वायू शरीर मुद्दाम तयार करतं, ही गोष्ट त्या काळी पचायला जड होती. पण निरोप्या म्हणून या रेणूची निवड चांगली आहे. तो अगदी लहान, विद्युतभार नसलेला, त्यामुळे पेशीचं पटल त्याला अडवत नाही. त्याला बाहेर पडायला दार लागत नाही. आणि तो लवकर मरतो, त्यामुळे सूचना थांबवायला वेगळी यंत्रणा लागत नाही. रक्ताच्या बाजूला गेलेला भाग तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन टिपून घेतं. स्नायूच्या बाजूला गेलेला भाग काम करतो.

काम असं होतं. अस्तराच्या पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे सूचना घेणाऱ्या प्रथिनाला, ॲसिटिलकोलिन किंवा ब्रॅडिकायनिनसारखा निरोप्या रेणू चिकटला, की पेशीतलं कॅल्शियम वाढतं. ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरतं आणि ही जोडी ईएनओएस नावाच्या विकराला जागं करते. एरवी हे विकर पटलातल्या लहान खळग्यांत, कॅव्हिओलिन या प्रथिनाने दाबून ठेवलेलं असतं. जागं झालेलं विकर आर्जिनिन आणि ऑक्सिजन घेऊन सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड देतं. नायट्रिक ऑक्साइड शेजारच्या स्नायूपेशीत शिरून ग्वानिलिल सायक्लेज या विकरातल्या लोहाच्या अणूला चिकटतं. त्याचा वेग काही शे पटींनी वाढतो आणि सायक्लिक जीएमपी भराभर तयार होतं. मग पोटॅशियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येणं कमी होतं, आलेलं कोठारात परत ढकललं जातं, आणि मायोसिन या स्नायू आवळणाऱ्या प्रथिनावरचा फॉस्फेट काढणारं विकर जोर धरतं. स्नायू सैलावतो. इथे एक गोष्ट पुष्कळदा गोंधळात टाकते : कॅल्शियम वाढलं तर स्नायू आवळतो, मग सैलावण्याची सुरुवात कॅल्शियम वाढण्याने कशी? वाढतं ते अस्तराच्या पेशीत, घटतं ते स्नायूच्या पेशीत. एकच आयन दोन शेजाऱ्यांकडे उलट कामं करतो.

आता एक प्रामाणिक शंका. आपल्या बहुतेक धमन्यांत अस्तरापर्यंत ॲसिटिलकोलिन पोहोचवणारे चेतातंतूच नाहीत. मग रोजच्या जगण्यात या विकराला जागं कोण करतं? ॲसिटिलकोलिन हे प्रयोगातलं हत्यार आहे. रोजचं काम रक्ताचं घर्षण करतं. वाहतं रक्त अस्तराला प्रवाहाच्या दिशेने ओढत असतं. ही ओढ पेशींवरचा शर्करायुक्त लोंबता थर, पेशींना जोडणारी प्रथिनं आणि पिएझो-१ सारखी दाबाने उघडणारी दारं ओळखतात. त्यातून एकेटी हे विकर ईएनओएसला एका विशिष्ट जागी, सेरीन ११७७ वर, फॉस्फेट लावतं. असं फॉस्फेट लागलेलं विकर कॅल्शियम फारसं न वाढताही काम करत राहतं. म्हणून घर्षणाने येणारं सैलावणं सावकाश आणि टिकाऊ असतं.

यातलं गणित सोपं आणि सुंदर आहे. प्रवाह तेवढाच असेल तर घर्षण त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. चालायला लागलात, मांडीच्या धमनीत प्रवाह वाढला, घर्षण वाढलं, अस्तराने धमनी १० टक्क्यांनी रुंदावली, की त्या प्रवाहाचं घर्षण सुमारे पाव भागाने उतरतं. म्हणजे वाहिनी स्वतःच्या अस्तरावरची ओढ एका ठरावीक मर्यादेत राखते. दुसरीकडे, बारीक वाहिन्यांचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तिथे १० टक्के रुंदी वाढली तर त्याच दाबाला प्रवाह ४६ टक्क्यांनी वाढतो. धमनीला जिथे फाटे फुटतात तिथे प्रवाह मंद आणि मागेपुढे होणारा असतो, घर्षण कमी पडतं, नायट्रिक ऑक्साइडही कमी. मेदाचे थर नेमके तिथेच आधी बसतात.

हे सगळं ससा-उंदरांपुरतं नाही, हे १९८६ मध्ये बोस्टनमधल्या अभ्यासाने दाखवलं. अँजिओग्राफीच्या वेळी रुग्णांच्या हृदयधमनीत ॲसिटिलकोलिन सोडलं. निरोगी धमन्या रुंदावल्या. मेदाचे थर साठलेल्या धमन्या आवळल्या. नायट्रोग्लिसरिनने मात्र दोन्ही प्रकारच्या धमन्या सैलावल्या. अस्तर पुसलेल्या सशाच्या पट्टीचा आलेखच जणू माणसात उमटला. अशा धमनीत भावनिक ताण, थंडी किंवा प्लेटलेटमधून (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या कणांतून) सुटणारं सिरोटोनिन हे रसायन सैल करण्याऐवजी आवळून टाकतं, आणि अरुंद जागा आणखी अरुंद होते.

माणसाचं अस्तर कसं काम करतं हे बाहेरून पाहणारी, दंडावरची सोनोग्राफीची चाचणी १९९२ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड सेलरमायर यांच्या गटाने मांडली. माणसाला उपाशीपोटी, बिडी-सिगारेट आणि चहा-कॉफी वर्ज्य करून, शांत खोलीत दहा-पंधरा मिनिटं पडून राहू द्यायचं. कोपराच्या वर धमनीचा व्यास मोजायचा. कोपराखाली, म्हणजे पुढच्या हाताला, रक्तदाबाचा पट्टा बांधून वरच्या रक्तदाबापेक्षा निदान ५० मिलिमीटर जास्त दाब पाच मिनिटं ठेवायचा आणि एकदम सोडायचा. हाताकडे रक्त उसळून जातं, घर्षण वाढतं आणि साधारण मिनिटभरात धमनी रुंदावते. निरोगी तरुणात पाच ते दहा टक्के. शेवटी जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देऊन स्नायू स्वतः ठीक आहे ना ते पाहायचं; कडीच्या प्रयोगातली शेवटची पायरी इथेही सुटत नाही. वंशपरंपरेने कोलेस्टेरॉल फार जास्त असलेल्या मुलांमध्ये, कोणतंही लक्षण नसताना, हा प्रतिसाद कमी निघाला. पुढच्या वर्षी याच गटाने धडधाकट तरुण धूम्रपान करणाऱ्यांतही तो घटलेला दाखवला.

पण ही चाचणी आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये घालण्याजोगी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब करून पाहा. व्यास ४ मिलिमीटर असेल तर ७ टक्के म्हणजे ०.२८ मिलिमीटर. पडद्यावरच्या रेषा लावताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली की उत्तर अडीच टक्क्यांनी हललं. हात जरासा फिरला, प्रोब तिरपा झाला, आधीच्या रात्री झोप झाली नाही, तासाभरापूर्वी तळलेलं खाल्लं, की आकडा बदलतो. पट्टा दंडावर बांधला तर रुंदावणं जास्त दिसतं, पण त्यातला बराच भाग ऑक्सिजनअभावी झालेल्या बदलांचा असतो, अस्तराचा नव्हे. शंभर माणसांच्या गटाची तुलना करायला ही पद्धत उत्तम; एका माणसाला 'तुमचं अस्तर खराब आहे' असं सांगायला अपुरी.

बिघडतं तेव्हा नेमकं काय बिघडतं? सहसा पेशी गळून पडलेल्या नसतात. त्या जागेवर असतात, विकरही असतं. धूर, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब या सगळ्यांत सुपरऑक्साइड वाढतं, आणि नायट्रिक ऑक्साइडशी त्याचा संयोग इतका झटपट होतो की सुपरऑक्साइड मोडणाऱ्या विकरालाही तो वेग गाठता येत नाही. तयार होतं पेरॉक्सिनायट्राइट. ते बीएच-४ या, ईएनओएसला कामासाठी लागणाऱ्या, सहघटकाचं ऑक्सिडीकरण करतं. बीएच-४ नसेल तर ईएनओएस आर्जिनिनऐवजी ऑक्सिजनलाच इलेक्ट्रॉन देऊ लागतं, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर स्वतःच सुपरऑक्साइड बनवतं. त्याने आणखी बीएच-४ जातं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

मग आर्जिनिनच्या गोळ्या आणि पावडरी खाऊन भागेल का? व्यायामशाळांत डबे भरून विकले जातात. हिशेब इथेही सोपा आहे. या विकराला अर्धा वेग गाठायला फक्त काही मायक्रोमोलर आर्जिनिन पुरतं. पेशीत ते त्याच्या कितीतरी पट आधीच असतं. कच्चा माल कमी नाही, यंत्र बिघडलंय. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोज ९ ग्रॅम आर्जिनिन देऊन पाहणारी एक चाचणी अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. फायदा काही दिसला नाही. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि नव्या रुग्णांची भरती थांबवावी लागली. झटका येऊन गेलेल्या माणसाने या डब्यांपासून लांब राहावं.

छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी हा वेगळा मार्ग आहे. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, किंवा नायट्रोग्लिसरिन, अस्तराला वळसा घालून थेट स्नायूत नायट्रिक ऑक्साइडचं काम करतात. म्हणून बिघडलेल्या धमनीतही ती चालते. गोळी बसून घ्यायची, उभ्याने नाही. शिराही सैलावतात, रक्त पायांत साठतं आणि भोवळ येते. डोकं ठणकणं हे गोळी लागू पडल्याचंच लक्षण. नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवायच्या. प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवल्या की औषध उडून जातं आणि ऐनवेळी नुसती खडूसारखी गोळी हाती येते. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतल्या जाणाऱ्या औषधांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास जिभेखालची ही गोळी घ्यायची नाही. ही औषधं सायक्लिक जीएमपी मोडणारं विकर अडवतात. एकीकडून भर आणि दुसरीकडून निचरा बंद, असं झालं की रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. डॉक्टरांना हे सांगायला माणसं लाजतात, आणि धोका तिथेच असतो.

याच औषधांची सवयही लागते. नायट्रोग्लिसरिनच्या कारखान्यांतल्या कामगारांचं सोमवारी डोकं दुखायचं, आठवडा सरता सरता थांबायचं, आणि रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू व्हायचं. तीच गोष्ट रुग्णात : औषध चोवीस तास अंगात राहिलं तर परिणाम विरतो. म्हणून लांब पल्ल्याच्या नायट्रेट गोळ्यांत दिवसातून दहा-बारा तासांची मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. दोन गोळ्या सकाळी आणि दुपारी लिहून दिल्या असतील, तर दुसरी सोयीसाठी रात्री ढकलू नये.

नायट्रिक ऑक्साइड म्हणजेच सर्व काही, असं मात्र नाही. प्रोस्टासायक्लिन हा अस्तराचाच दुसरा पदार्थ, १९७६ मध्ये सापडलेला. तो प्लेटलेटना चिकटू देत नाही. शिवाय मुख्य धमन्यांकडून बारीक वाहिन्यांकडे जावं तसं नायट्रिक ऑक्साइडचं महत्त्व कमी होत जातं. तिथे अस्तराची पेशी पोटॅशियम बाहेर सोडून ऋणभारित होते आणि हा भार सूक्ष्म जोडांमधून थेट स्नायूला पोहोचतो. प्रयोगात कडी फिनाइलएफ्रिनऐवजी पोटॅशियम क्लोराइडने आवळली, तर हा मार्ग बंद पडतो. बारीक वाहिन्यांचे निकाल त्यामुळे फसवे येतात. उलट दिशेचा संदेशही अस्तरच देतं. १९८८ मध्ये जपानमध्ये डुकराच्या महाधमनीच्या अस्तरातून वेगळं केलेलं एंडोथेलिन हे २१ अमिनो आम्लांचं प्रथिन वाहिनीला तासन्‌तास आवळून ठेवतं.

शेवटचा मुद्दा अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या कामाचा. फुगा फुगवला की त्या जागेचं अस्तर जातं. डुकरांच्या हृदयधमन्यांवर केलेल्या प्रयोगांत ते काही आठवड्यांत भरून येतं, पण सिरोटोनिनला आणि प्लेटलेटला त्याचा प्रतिसाद पहिल्यासारखा राहत नाही. धमनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीवर, म्हणजे साध्या धातूच्या स्टेंटवर, स्नायूपेशी फार वाढून वाहिनी पुन्हा अरुंद व्हायची, म्हणून औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. ते औषध स्नायूपेशींना रोखतं, तसंच अस्तराच्या पेशींनाही. त्यामुळे जाळी झाकली जायला वेळ लागतो, आणि उघड्या धातूवर प्लेटलेट साचून गुठळी होऊ शकते. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम दुसरी गोळी कित्येक महिने, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर, देतात ती याचसाठी. नेमका काळ स्टेंट कोणता, झटका आला होता का आणि रक्तस्रावाचा धोका किती, यावर ठरतो. यात चूक होते ती ठरलेल्या ठिकाणी : दात काढायचा असतो, कुणीतरी 'रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद करा' म्हणतं, आणि रुग्ण दोन्ही गोळ्या बंद करतो. दाताच्या बहुतेक कामांत हिरडीतलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या दोनपैकी एकही गोळी बंद करायची नाही, आणि दंतवैद्याकडे जाताना अँजिओप्लास्टीची तारीख लिहिलेलं कार्ड सोबत न्यायचं.